ढक्कनाचा ऑप्शन

आमच्या ऑफिसात एक कीबोर्ड आहे, त्याला हात लावायची मला आजही शिसारी येते. तो कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा आहे, आणि सगळ्यांच्या वस्तूचं जे होतं ते त्याचं झालंय. बटणांच्या फटीत पोह्यांचे कण, त्यावर तर्रीचं तेल, आणि वरचा बाण असलेलं बटण तर पार लालसर. आमचे सिनिअर प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटतात, चिमूट गालात ठेवतात आणि मग त्याच बोटाने ते बटण दाबतात. मी एकदा स्पिरिट आणून ते पुसायला घेतलं तर म्हणाले, "मॅडम, ऑफिस पुसायले बाई येते ना."

ऑफिस म्हणजे रिंग रोडला टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बुटीबोरीच्या कापडाच्या प्लँटमध्ये जुनी मशिनं पुष्कळ. नवं मशीन घ्यायची कुणाची तयारी नसते, म्हणून जुन्यालाच बाहेरून एक डबा बसवायचा आणि मशीन कधी सुरू व्हावं, किती वेगाने फिरावं, कधी थांबावं हे त्या डब्याने ठरवायचं. ते डबे आम्ही बनवतो. डब्याच्या आतला प्रोग्रॅम मी आणि सिनिअर लिहितो. सिनिअर माझ्या आधीपासून तिथे आहेत, आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

प्रोग्रॅमचा मूळ मजकूर एकच असतो. पण प्रत्येक गिऱ्हाइकाची तऱ्हा वेगळी. कुणाला पडदा हवा, कुणाला नको. कुणाला भोंगा हवा, कुणाला भोंग्याने डोकं दुखतं. म्हणून मूळ मजकुरावरून डब्यासाठी प्रोग्रॅम बांधताना, म्हणजे कम्पाइल करताना, काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते सांगावं लागतं. त्यालाच ऑप्शन म्हणतात. यात एक गोष्ट लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. जे बाहेर ठेवलं ते डब्यात झोपलेलं नसतं, की नंतर बटण दाबून उठवलं. ते तिथे नसतंच. कणीक भिजवताना मीठ राहिलं तर पोळीवर भुरभुरवून काही होत नाही, तसं.

आता असे पाचपन्नास ऑप्शन असतील तर शहाण्या माणसाने ते नीट सांभाळून ठेवावेत. आमच्याकडे काय होतं? वरचा बाण होता. प्रोग्रॅम असा बांधून काढायला, म्हणजे बिल्ड करायला, एकच सामाईक कॉम्प्युटर. त्यावर वरचा बाण दाबला की आधी दिलेली कमांड जशीच्या तशी पडद्यावर येते. ती आली की एंटर. झालं बिल्ड. मी कामाला लागले त्या दिवशी मला पहिल्यांदा हेच शिकवलं गेलं. "वरचा बाण मारा, एंटर मारा, चहा प्यायले चला." मी विचारलं, कमांडमध्ये आहे काय ते वाचायचं नाही का? सिनिअर माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी जेवायच्या आधी ताटाची पावती मागितली.

मी वाचली. कमांड पडद्याच्या चार ओळी भरून उरत होती. नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा ऑप्शन शेपटीला जोडायचा, जुना काढायचा नाही. "राहू द्या ना, काय खाऊन राहिला का तो?" एका ठिकाणी भोंगा हवा असं लिहिलेलं, त्याच ओळीत पुढे भोंगा नको, आणि शेवटी पुन्हा भोंगा हवा. ज्याचं नाव शेवटी त्याचं राज्य. ज्या भागाचा कोड कधीच काढून टाकला होता त्याचेही ऑप्शन तिथे सुखाने नांदत होते, कारण आमच्या कम्पायलरला असा अनोळखी ऑप्शन दिला तरी तो चकार शब्द काढत नाही, मुकाट गिळतो. माझ्या सासरच्या फ्रिजमध्ये अशाच वाट्या असतात. कुणी ठेवली, कधी ठेवली, आत काय आहे, विचारायचं नाही आणि फेकायचं तर मुळीच नाही.

दसऱ्याला त्याच कॉम्प्युटरची पूजा व्हायची. हळदीकुंकू, झेंडू, नारळ. मला पूजेचं काही नाही, पण ज्याला हार घालता त्याच्या पडद्यावर काय लिहिलंय ते तरी वर्षातून एकदा वाचा.

शेवटी मी स्वतःच सुरुवात केली. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक छोटी फाईल. त्यात त्याचेच ऑप्शन, आणि प्रत्येकासमोर तो का घेतला याची एक ओळ. बिल्ड करताना फक्त गिऱ्हाइकाचं नाव द्यायचं. सरांना दाखवलं. सर म्हणजे आमचे मालक. माणूस गोड बोलणारा, नाही कधी म्हणतच नाही. "वा वा, मस्तच करून राहिल्या तुमी. करा, करा." मी केलं. कुणी वापरलं नाही. त्यासाठी नाव टाइप करावं लागायचं, आणि बाणाला नुसतं एक बोट पुरतं. माझ्या त्या कामाला सिनिअरांनी 'मॅडमची शाळा' असं नाव ठेवलं. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "शाळेत जाऊन विचार."

अशात शहरात मशिनरीचं एक प्रदर्शन भरलं. आमचा तिथे स्टॉल होता. दाखवायचा होता हायड्रोचा डबा. हायड्रो म्हणजे रंगवलेल्या धाग्याच्या ओल्या लडी पिळून काढायचं मशीन. घरच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर असतो तसंच, फक्त आत दोन माणसं उभी राहतील एवढं. त्याला वरून लोखंडी ढक्कन असतं. आमचा डबा दोन गोष्टी बघतो: ढक्कन उघडं असेल तर मोटर सुरू करायची नाही, आणि ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय ढक्कनाची कडी सोडायची नाही. त्या वेगात हात आत गेला तर तो खांद्यापासून जातो. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पण स्टॉलवर हायड्रो कुठून आणणार? टेबलावर नुसती मोटर आणि डबा. ढक्कनच नाही, म्हणून डबा सारखा कुरकुर करायचा, 'ढक्कन उघडं आहे', आणि मोटर सुरू करायचा नाही. दोन तारा एकमेकींना जोडल्या असत्या तरी काम भागलं असतं. सिनिअरांनी काय केलं? कमांडच्या शेपटीला ढक्कनाची तपासणी, म्हणजे या दोन्ही गोष्टी, बाहेर ठेवायचा ऑप्शन जोडला आणि बिल्ड केलं. स्टॉलवर मोटर गरगर फिरली, सरांनी फोटो काढले, सगळ्यांनी समोसे खाल्ले.

प्रदर्शन उठलं. बुटीबोरीच्या एका प्लँटला आमच्याच जुन्या डब्यांच्या जागी हायड्रोचे तीन नवे डबे द्यायचे होते. सिनिअरांनी वरचा बाण मारला, एंटर मारला, चहा प्यायला गेले. डबे गेले, बसले, मशिनं सुरूही झाली.

मला कळलं ते असं. त्याच बिल्डचा एक जादा डबा कपाटात पडला होता. मला त्याचा पडदा तपासायचा होता, म्हणून मी तो टेबलावर घेतला आणि मोटर जोडली. ढक्कनाची तार जोडली नव्हती, म्हणजे डब्याच्या लेखी ढक्कन उघडं होतं. मी वीज दिली. आता कुरकुर करेल म्हणून वाट पाहत होते, तर मोटर फिरायला लागली. मी तार हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग मी पडद्यावरची ती चार ओळींची कमांड शेवटापर्यंत वाचली. प्रदर्शनाचा तो ऑप्शन शेपटीला तसाच होता.

सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "रविवारी प्लँट बंद असते. तवा जाऊन गुपचूप बदलून टाकू."

"सर, रविवार लांब आहे. आज, आत्ता ते मशीन सुरू आहे. निदान फोन करून तिथल्या माणसांना सांगा, की ढक्कन उघडू नका."

"फोन केला तर त्याईले समजल ना, मॅडम, की आपल्याकडून काही राहून गेलं. तुमी काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? मोठी माणसं आहेत ते. फिरत्या ड्रममंधी कोण हात टाकते?"

हे बोलताना ते टूथपिकने दात कोरत होते. मला त्या टूथपिकचा इतका राग आला की सांगता येत नाही. मी म्हटलं, मी जाते. तर म्हणाले, जा, पण माझं नाव नका सांगू.

निघण्याआधी बरोबर बिल्ड काढणं भाग होतं. मी त्या चिकट कीबोर्डवर बसले आणि त्या प्लँटच्या माझ्या फाईलवरून बिल्ड सुरू केलं. मागे सिनिअर उभे. खर्ऱ्याचा वास माझ्या कानापाशी. मला वाटलं, आता तरी हा माणूस चूक झाली म्हणेल. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या कमांडीमुळे माही कमांड खाली गेली ना! आता मले दोनदा बाण माराव लागल." मी बिल्ड लॅपटॉपवर घेतलं आणि निघाले, कारण तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर आली असती. आमच्या घरात शिव्या देत नाहीत, पण येतात सगळ्यांना.

वर्धा रोडने स्कूटी दामटत गेले. प्लँटचा रंगखाता, म्हणजे धागा रंगवायचा विभाग: गरम वाफ, पायाखाली निळं-काळं पाणी, आणि नाकात जाऊन बसणारा आंबूस वास. ओळीने तीन हायड्रो. पहिल्या मशिनवर एक चाळिशीचा माणूस होता, बालाघाटकडचा; मागे जुने डबे लावताना आमची ओळख झाली होती. मी पोचले तेव्हा त्याचं मशीन जोरात फिरत होतं. त्याने मोटर बंद केली. ड्रम थांबायला वेळ लागतो. तो माणूस तेवढा थांबला नाही. त्याने ढक्कन उघडलं, पोत्याची घडी हातात धरली, हात आत घातला आणि फिरत्या ड्रमच्या काठाला ते पोतं दाबून धरलं. ब्रेक लावावा तसं. ड्रम कुरकुरत मंदावला, आणि पुरता थांबायच्या आतच त्याने दुसऱ्या हाताने लडी ओढायला सुरुवात केली.

मी किंचाळले असणार, कारण आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. तो मात्र मला बघून खूश झाला. "मॅडम, आपका ये नया डब्बा एक नंबर है! पुराना तो ढक्कन ही नहीं खोलने देता था. खड़े रहो, खड़े रहो."

तेवढ्यात तिथला सुपरवायझर आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोटांत दोन अंगठ्या. मी त्याला सगळं सांगितलं. चूक आमची आहे, डबे आत्ताच्या आत्ता बदलावे लागतील, तोवर मशिनं बंद ठेवा. मला वाटलं, हा चिडेल, आरडाओरडा करेल, आमच्या सरांना फोनवर झापेल. मी त्याची तयारी करून गेले होते. तो हसला.

"अवो मॅडम, चूक काहून म्हणता? तुमच्या कंपनीनं पयल्यांदा कामाची चीज देली. माल किती फटाफट निघून राहिला पाहा. याले हात नका लावू."

मी म्हटलं, "अहो, त्याचा हात जाईल."

"काही नाही जात. सवय असते या लोकाईले."

ते 'या लोकाईले' ऐकलं आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "बरं. मग मशीन परत सुरू करा, आणि बंद केल्यावर ते पोतं तुम्ही धरा. तुम्ही हात घातला तर मी डबे तसेच ठेवून जाते."

त्याचे अंगठ्यांचे हात आधी पाठीमागे गेले, मग खिशात गेले. "माह्यं काम आहे का ते?" म्हणाला. आणि हे इतक्या सहज म्हणाला, की त्यात आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटलंही नाही. किळस म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. कीबोर्डची किळस साबणाने धुतली की जाते.

तो मॅनेजरकडे तक्रार करायला गेला तेवढ्यात मी लॅपटॉप जोडून तिन्ही डब्यांत बरोबर बिल्ड घातलं. बालाघाटवाल्याने पुढचा घाणा टाकला, मोटर बंद केली आणि ढक्कन ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. मग ढक्कनाला लाथ घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ये क्या कर दिया आपने?" मी त्याला समजावलं, हाताचं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर माझ्यावर नव्हती. त्याच्या मागे ओल्या लडींचा ढीग वाढत होता आणि सुपरवायझर परत येत होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं नोकरी गेली. पण सर तर भलतेच प्रसन्न. "मॅडम, त्याईचा फोन आला होता. त्याईले ढक्कनाची तपासणी नको आहे. कस्टमरले जे पायजे ते द्यायचं असते. अन् आपल्याकडं तर ऑप्शन तयारच आहे! तुमची ते फाईलवाली सिस्टीम आहे ना, तिच्यात टाका तो ऑप्शन. एकदम व्यवस्थित. समोर कारणही लिहा, कस्टमरची मागणी म्हणून."

एवढे महिने ज्या फाइलींसाठी मी भांडत होते, टोमणे खात होते, त्या माझ्या स्वच्छ, नीटनेटक्या फाइलींना अखेर मान्यता मिळाली ती यासाठी. सिनिअरही दारात उभे राहून म्हणाले, "चांगली आहे बरं मॅडमची सिस्टीम, मी तर म्हणतच होतो." घोटाळ्यात झालेली चूक मी समजू शकत होते. आता तीच चूक नाव देऊन, कारण लिहून, नीट रांगेत बसवायची होती, आणि ती मी बसवायची होती.

मी जागेवर आले आणि तो ऑप्शनच काढून टाकला. फाईलमधून नव्हे, मूळ मजकुरातून. ढक्कनाची तपासणी आता आत घ्यायची किंवा बाहेर ठेवायची गोष्टच राहिली नाही. हायड्रोचा डबा म्हटला की ती असणार, जशी मोटर असणार. मग परत केबिनमध्ये जाऊन तोंडावर सांगितलं, "सर, मी ते कोडमधून काढलंय. परत घालणार नाही. दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या." सर हसून म्हणाले, "रागात आहेत मॅडम," आणि सिनिअरांना म्हणाले, "तुमी पाहून घ्या गा."

सिनिअरांनी पाहून घेतलं म्हणजे काय, तर कोड उघडलाच नाही. वरचा बाण मारत मारत प्रदर्शनाच्या वेळची कमांड शोधली आणि एंटर मारला. कम्पायलरने तो मेलेला ऑप्शन नेहमीसारखा मुकाट गिळला. ते बिल्ड घेऊन सिनिअर स्वतः बुटीबोरीला गेले, डब्यांत घालून आले, आणि ड्रम फिरत असताना ढक्कनं काही उघडली नाहीत. मग रोज फोन. सिनिअर ओरडून सांगायचे, "अवो, ऑप्शन देला आहे ना बावा, माह्या डोळ्यासमोर आहे!" मी माझ्या जागेवर बसून ऐकत होते. मला खूप बरं वाटत होतं, हे कशाला लपवू?

ते सुख फार टिकलं नाही. प्लँटने कंटाळून आमचे डबे परत घ्यायला सांगितले. दुसऱ्या कुणाकडून त्यांनी डबे घेतले होते. आणायला कोण जाणार? सर गोड आवाजात म्हणाले, "तुमीच जाऊन या, मॅडम. तुमचंच गिऱ्हाईक आहे ते."

गेले. आमचे तिन्ही डबे भिंतीपाशी ओल्या जमिनीवर टाकून दिले होते, तारा कापलेल्या. मशिनांवर नवे डबे होते, निळ्या रंगाचे. त्यांना ढक्कनाची तारच जोडलेली नव्हती. तिसऱ्या हायड्रोचं तर ढक्कनच काढून बाजूला उभं करून ठेवलं होतं, आणि त्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. सुपरवायझर लांबून जाताना दिसला. त्याने मला बघितलं आणि बघितलंच नाही असं करून गेला. मी डबे उचलून पिशवीत भरले. हात निळे झाले.

दाराशी आले तेव्हा मागून हाक आली, "मॅडम!" बालाघाटवाला होता. त्याच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. त्याने हसून हात वर केला. ओला, निळाशार हात, पाचही बोटं जागेवर. दुसरा हात पोत्याची घडी धरून आत होता, आणि आत ड्रम अजून फिरत होता. मी ओरडले, हात काढा. त्या घरघरीत त्याला काय ऐकू जाणार. त्याला वाटलं मी निरोप घेतेय, म्हणून त्याने पुन्हा हात हलवला.